सरांनी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही हा विषय मी शिताफीने टाळला. देवाला माहीत नसेल असं थोडंच आहे? पण तोंडाने म्हणणं वेगळं. उद्या सकाळी मला ते तोंडाने म्हणायचं आहे, कुडव्याला एका घरी जाऊन, दोन माणसांसमोर. त्याआधी तुम्हाला सांगते. सराव म्हणा हवं तर. नाही, सराव नको म्हणूया. सराव म्हटलं की पुन्हा नाटक आलं, आणि ते मी पुष्कळ केलं आहे.

तुम्ही मला ओळखत नाही हे बरंच आहे. ओळखत असतात तर मध्येच म्हणाला असतात, "जाऊ द्या ना मॅडम, इतकं काय त्यात." तेच मला ऐकायचं नाही.

मी गोंदियातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माहेर चोरखमारा तलावाच्या कालव्याखालचं, पोवारांचं घर, धानाची शेती. आता विभागाची प्रमुख आहे. मुलं मला टरकून असतात. प्रयोगातला एखादा आकडा कुणी सोयीने सुधारला तर मी तो अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावते. या बाईपुढे लपवाछपवी चालत नाही, अशी माझी ख्याती आहे. हसा. मला स्वतःला हसू यायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली.

गोष्ट लांजेवार सरांची आहे. तेव्हा विभागाचे प्रमुख ते होते आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी, तासिकेवर शिकवणारी पोरगी. सर मूळचे चिचगडचे, जंगलातल्या गावचे. बोलणं अस्सल झाडीपट्टीचं. वर्गात इंग्रजी सूत्र लिहायचे आणि समजावून सांगायचे घरच्या बोलीत. शहरातली हिंदी बोलणारी मुलं आधी खिदळायची, मग परीक्षेत त्यांना सरांचीच वाक्यं आठवायची. आणि सरांची आठवण! तीन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेला मुलगा रेल्वे फाटकावर भेटला तरी त्याचा प्रयोग कुठे अडकला होता ते सर सांगायचे. हे नीट लक्षात ठेवा. सरांच्या सगळ्या गुणांत मी नेमकं यालाच हात घातला.

थोडं विज्ञान सांगावं लागेल. कंटाळू नका, साधं आहे. सिलिकॉन तुमच्या मोबाइलमध्ये आहे, घराच्या छपरावरच्या सौर पत्र्यात आहे. त्याला बाकी सगळं जमतं, फक्त उजेड देणं जमत नाही. पण त्याचे फार म्हणजे फारच बारीक कण काचेत पेरले आणि त्यांच्यावर अतिनील किरण टाकले, की ते लाल चमकतात, चुलीतल्या विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. अशा कणांचा पातळ थर काचेच्या चकतीवर बसवतात. थरात उमटलेला उजेड वर निसटत नाही, थरातल्या थरात वाहत कडेपर्यंत येतो. याला वेव्हगाइड म्हणतात. सर म्हणायचे, उजेडाचा कालवा. आणि माझ्याकडे बघून, "समजलं ना, चोरखमारा?" मला ते माझ्या नावाने हाक मारतच नसत.

शतक नुकतंच बदललं होतं. जगभर या विषयातल्या लोकांना एकच प्रश्न छळत होता. या कालव्यातून वाहताना उजेड नुसता वाहतो, की वाटेत वाढतो? वाढत असेल तर उद्या सिलिकॉनचा लेझर होईल, संगणकाच्या आत तारांऐवजी उजेड धावेल. कुणी म्हणायचं वाढतो, कुणी म्हणायचं तुमचं मोजमाप चुकलं. आणि या भांडणात गोंदियाच्या एका कॉलेजचे लांजेवार सर उतरले होते. चकत्या दूरच्या एका प्रयोगशाळेतून कापसात गुंडाळून यायच्या. लेझर नागपूरहून काही महिन्यांसाठी मागून आणलेला. सरांनी तो गाडीत मांडीवर घेऊन आणला होता, तान्ह्या पोरासारखा. जुन्या भांडार खोलीच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलं, झाली प्रयोगशाळा. वीज कधी जाईल त्याचा भरवसा नसायचा. लेझर तापून स्थिर होतो न होतो तोच भारनियमन. फाटकाबाहेरचा चहावाला सरांना म्हणायचा, "सर, लाइट ही बना रहे हो तो पहले हमारी गली में दे दो." सर खो खो हसायचे आणि त्याला खरंच सगळं समजावून सांगायचे. त्याचा चहा उतू जायचा.

मोजायची पद्धत अशी. थरावर अतिनील उजेडाची एक पट्टी पाडायची, कडेपासून सुरू होणारी. पट्टी हळूहळू लांब करत जायची आणि कडेतून किती लाल उजेड बाहेर पडतो तो भिंगाने गोळा करून मोजायचा. पट्टी दुप्पट केल्यावर उजेड दुपटीहून बराच जास्त आला तर समजायचं, वाटेत तो वाढला. आम्ही मोजलं. जास्त आला. पडद्यावरची रेष वर वर चढत गेली. सरांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बाहेर जाऊन चहा सांगून आले.

इथवर सगळं खरं आहे. इथून पुढे मला सावकाश जायला हवं, घाई केली की मी पुन्हा स्वतःला वाचवणारं काहीतरी सांगून बसेन.

सरांना त्या आठवड्यात चिचगडला जायचं होतं, पुतणीचं लग्न होतं. निघायच्या आधी ते प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. शब्द असे होते: "पट्टी झाली. आता बारका तुकडा घे, अन् तो कडेपासून मांगं मांगं सरकवत जाय. साऱ्या तुकड्याइची बेरीज कर. बेरीज पट्टीएवढीच निघाली तं उजेड वाढला नाई, आपल्या भिंगानं आपल्याले फसवलं. हे केल्याबिगर कोणापुढे तोंड उघडाचं नाई."

समजलं ना? लांब पट्टी म्हणजे छोट्या तुकड्यांची रांगच. प्रत्येक तुकड्याचा उजेड वेगवेगळा मोजून बेरीज केली आणि ती पट्टीच्या उजेडाइतकीच आली, तर वाढ कसली? मग एवढंच, की लांबच्या तुकड्याचा उजेड आपल्या भिंगात जवळच्यापेक्षा नीट शिरतो आणि आपल्याला वाढीचा भास होतो. या विषयातली माणसं नेमकी इथेच पडतात. सर पडणार नव्हते. त्यांनी सांगितलं होतं.

मी केलं. सर गेल्यावर लगेच केलं, मलाही उत्सुकता होती. तुकडा सरकवत गेले, मोजत गेले, बेरीज केली. बेरजेची रेष पट्टीच्या रेषेवर बरोब्बर जाऊन बसली. केसाएवढाही फरक नाही. उजेड वाढत नव्हता.

 खरं सांगायचं तर राग आला. कुणाचा? भिंगाचा, चकतीचा, सरांचा. एवढं जमलेलं असताना ही खोट शोधायला लावली म्हणून. संगणकाने विचारलं, हे जपून ठेवायचं का? मी 'नाही'वर बोट दाबलं. रेष गेली. वीजही गेली नव्हती, कुणी घाईही केली नव्हती. दिवसाढवळ्या, शांतपणे, मी ती रेष पुसली.

सर आले. हातात लग्नातल्या लाडवांचा डबा. "झालं काय सारं?" मी म्हटलं, "झालं सर. ठीक आहे." त्यांनी बघायला मागितलं नाही. मागितलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारला आहे आणि दर वेळी माझ्या लक्षात आलं आहे की हा प्रश्न विचारून मी थोडासा दोष सरांकडे सरकवते. म्हणून उत्तर देत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं ही चूक नव्हे.

का केलं? मला ते हवं होतं. गोंदियाच्या मुलीने जगाच्या भांडणाचा निकाल लावला, हे हवं होतं. नागपूरच्या परिषदेत पडद्यावर माझं नाव हवं होतं. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, ते थांबायला हवं होतं. पण ही कारणं मी मोठी करून सांगणार नाही. असल्या अडचणी सगळ्या मुलींना असतात आणि त्या सगळ्या रेषा पुसत नाहीत.

अजून मुख्य गोष्ट आलेली नाही. तुम्हाला वाटलं असेल, आली. नाही. रेष पुसणं ही लबाडी होती; तशा लबाड्या या धंद्यात होतात, उघडकीला येतात, माणसं तोंड काळं करून घेतात आणि संपतं. माझं तसं संपलं नाही.

नागपूरच्या परिषदेत सर बोलायला उभे राहिले. नवा सदरा, त्याच्या बाहीची घडी मोडलेली नव्हती. छान बोलले. रेष वर चढताना दाखवली तेव्हा मागचे लोक पुढे वाकले. मग एक दक्षिणेकडचे गृहस्थ उठले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, तुकडा सरकवून बेरीज तपासली का? सर हसले. या प्रश्नाची ते वाटच बघत होते. म्हणाले, तपासली, माझ्या विद्यार्थिनीने तपासली आहे, ती दाखवेल. आणि मोठ्या कौतुकाने माझ्याकडे वळले.

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं.

आता बघा, माझ्याकडे काय काय होतं. दाखवायला रेष नव्हती. 'केली होती, पण पुसली' म्हटलं असतं तर माझं तिथेच संपलं असतं. उरलं एकच. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नाही सर. ते आपण केलेलं नाही."

सरांचा चेहरा मी आज तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग माइककडे वळून म्हणाले, माझी गफलत झाली, क्षमा असावी. मागे कुणीतरी हसलं. त्या मऊ आवाजाच्या गृहस्थांनी मान खाली घातली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. भंडारा रोड स्टेशन मागे पडेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते, ते आठवत होते. मग अगदी हळू, जणू मला त्रास होऊ नये म्हणून, त्यांनी विचारलं, "चिचगडले जाच्या आंधी मी तुले तुकडा सरकवाले सांगतलो होतो ना?"

ही ती जागा. डब्यात फार गर्दी नव्हती. ऐकणारं कुणी नव्हतं. सभागृह नव्हतं, परिषद नव्हती, फक्त सर होते आणि ते विचारत होते. इथे मी खरं बोलू शकत होते.

मी म्हटलं, "नाही सर. तुम्ही सांगितलं नव्हतं."

"अन् वापस आलो तवा तू मले झालं म्हणली?"

"असं काही बोलणंच झालं नाही, सर. तुम्हाला लग्नाच्या गडबडीत वाटलं असेल."

लग्नाच्या गडबडीत. हे मी जोडलं. कुणी मागितलं नव्हतं, मी वरून घातलं, खोटं नीट बसावं म्हणून. सर "हो काय" म्हणाले. तुमसर गेल्यावर पुन्हा एकदा, स्वतःशीच, "मले तं वाटलं सांगतलो." 

हाच माझा गुन्हा. रेष नव्हे. मी एका माणसाला त्याची स्वतःची आठवण खोटी आहे असं सांगितलं, आणि त्याने ते मानलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या वर्गात शिकवत होते मी. सर आधी टिपणं घेऊन वर्गात जाऊ लागले, जन्मात कधी न घेतलेली. मग मुलांना विचारू लागले, "हे मी काल शिकवलो काय?" पोरं ती. एकाने गंमत म्हणून ओरडून सांगितलं, "हो सर, हो गया!" सरांनी मानलं आणि पुढचा धडा घेतला. मग तो खेळच झाला. कठीण धडा आला की सगळा वर्ग सुरात "हो गया सर!" आणि सर चाचपडत पान उलटत. विद्यापीठाच्या परीक्षेत तेच धडे आले. पालक प्राचार्यांकडे गेले. सरांनी कुणावर दोष टाकला नाही. म्हणाले, मले हल्ली ध्यानात राहत नाही. आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या समारंभात आभार कुणी मानले? मी. भाषण चांगलं झालं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांना नागपूरला नेलं, डोक्याच्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला म्हणाल्या होत्या, "काई निघालं असतं तं दवा तं केलो असतो." मी मान डोलावली. काही का निघालं नाही, ते मला माहीत होतं. त्या दवाखान्याला जे सापडणार नव्हतं ते काकूंच्या समोर पाटावर बसून चहा पीत होतं.

आणि माझं? माझं फार छान झालं. नवे मार्गदर्शक मिळाले. त्यांच्याकडे मी तुकडा सरकवण्याचा प्रयोग 'पहिल्यांदा' केला आणि वाढ नाही हे दाखवलं. मग कडेतून येणारा तो अरुंद, धारदार लाल झोत कुठून येतो ते शोधलं. थोडा उजेड थरात न थांबता खालच्या काचेत पाझरतो, जसा कालव्याचा पाझर बांधाखालून दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत जातो, आणि थराला लगटून वाहत कडेपाशी बाहेर येतो. बाहेरच्या देशांतही लोकांनी तेच पाहिलं होतं. काम खरं होतं, आजही खरं आहे. त्यावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, स्वतःच्या गुरूची चूक प्रामाणिकपणे दाखवायला धैर्य लागतं. शेवटच्या रांगेत सर बसले होते. मी बोलावलं नव्हतं. कुणाकडून तरी कळलं म्हणून आपणच आले होते. टाळी त्यांनी सर्वांत आधी वाजवली. बाहेर शिपायाला धरून सांगत होते, "पोरीनं माही चूक सुधारवली." तेव्हाही मी बोलले नाही. पेढे वाटले.

वर्षं गेली. सरांचं घर कुडव्याला, म्हणून मी तो रस्ताच टाळू लागले. बाजारही दुसरीकडचा करू लागले. भित्री माणसं नकाशा बदलून घेतात, बाकी काही नाही. पण मागच्या आठवड्यात स्टेशनजवळच्या दुकानात काकूच समोर आल्या. थकल्या आहेत. म्हणाल्या, रायपूरचा मुलगा रविवारी येतो आहे, दोघांना कायमचं घेऊन जाणार. सरांना गोंदिया सोडायचं नाही. पण मुलगा म्हणतो, बाबांच्या भरवशावर घर कसं सोडायचं? गॅस बंद केला की नाही, दाराला कुलूप लावलं की नाही, काहीच सांगता येत नाही त्यांना. विचारलं की म्हणतात, तुमीच पाहा, माझ्या ध्यानावर नका राहू. काकू म्हणाल्या, "आता तं नातवालेबी त्याईच्यासंगं एकटं नाई धाडत. काय सांगू बाई तुले."

मी घरी आले आणि ठरवलं. रविवारच्या आधी. जाऊन सांगायचं, दोघांनाही, एकत्र. रडायचं नाही, कारण मी रडले तर ते मला पाणी देतील. माफी मागायची नाही, कारण मागितली तर सर देऊन टाकतील, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. मला त्यातलं काही नको आहे. फक्त त्यांचं जे आहे ते त्यांच्यासमोर ठेवायचं आणि यायचं. नवऱ्याला आजच सांगणार आहे. कॉलेजला उद्या दुपारी लेखी देणार आहे, माझ्या सहीने. नोकरीचं काय होईल ते होईल.

बस. उद्या.

*

जाऊन आले.

लिहायचं नव्हतं, पण अर्धवट सोडलं तर ते पुन्हा लपवणंच होईल.

सर ओसरीत बसले होते. समोर ताटात लाखोळीची डाळ, निवडत होते. मला बघून लख्ख हसले. "ये, चोरखमारा." काकू आतून आल्या, ताटाकडे बघून म्हणाल्या, "आता तं निवडली ना तुमी ते डाळ. पुन्हा तेच काऊन घेऊन राहिले?" सर ताटाकडे बघत राहिले. "हो काय," म्हणाले, आणि ताट बाजूला सारलं. मी उभी होते, मला वरून दिसत होतं. डाळीत खडे होते.

मी बसले नाही. सांगितलं. तुम्हाला जसं सांगितलं तसं, फक्त थोडक्यात. रेष पुसली, सभागृहात खोटं बोलले, गाडीत खोटं बोलले. "सर, तुम्ही सांगितलं होतं. मला शब्द न् शब्द आठवतो. तुमची आठवण खरी होती."

सरांनी सांडलेला एक दाणा उचलून ताटात टाकला. मला वाटलं, ऐकलं की नाही? मग म्हणाले, "मले आठवत होतं."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"सारं आठवत होतं मले. त्या दिवशी तुह्या बोटाले पट्टी होती, काचेनं कापलं होतं. तू डाव्या हातानं लिहून राहिली होती अन् मी तुले म्हणलो, घाई नको करू, बोट बरं होऊ दे. मंग सांगतलो तुकड्याचं. एवढं साफ आठवत होतं."

बोटाची पट्टी मला आठवत नव्हती. आत्ता लिहितानाही नीट आठवत नाही.

"पण तू नाई म्हणली," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते एखादं गणित पायरीपायरीने सोडवावं तसं बोलत होते. "मी म्हणलो, पोरगी कायले खोटं बोलन? तिले काय गरज? मंग खोटं कोण? तं मीच. एवढं साफ आठवते तेच खोटं, तं बाकीचं काय खरं राहीन? मंग मी कोणतंच धरून नाई राहिलो."

काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारी करून गेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या सरांकडे बघत होत्या. "मी तुमाले रोज बोलली," म्हणाल्या. "रोज. पोरासमोर बोलली, सुनेसमोर बोलली."



काकू खाली बसल्या. ताट ओढून घेतलं, डाळीतून बोटं फिरवली. एक खडा उचलून हातावर ठेवला, मग दुसरा.

"हे निवडलेली नाई," त्या म्हणाल्या.

"नाई," सर म्हणाले. "नाईच निवडलो."

कुणी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी चपला घातल्या आणि कॉलेजला निघाले.